बाजाराच्या दिवसापासून

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. आईला माहीत नाही. सहा वर्षं माझ्यासमोर बसून डबा खाणाऱ्या माझ्या भागीदाराला माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. अनोळखी लोकांसमोर फुशारकी मारायची मला चांगली सवय आहे, तर म्हटलं, एकदा त्यांच्यासमोरच खरंही बोलून बघू.

फुशारकीपासूनच सुरुवात करतो, म्हणजे तेवढं संपून जाईल. मी प्रोग्रॅमर आहे आणि चांगला आहे. जळगावात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली साड्यांचे गठ्ठे उतरतात, वर आम्ही दोघं आणि चार कॉम्प्युटर. माझं मूळ गाव सोनगीरच्या पलीकडे, हायवे सोडून थोडं आत. घरात अहिराणी, ऑफिसात मराठी, कॉम्प्युटरशी इंग्रजी. तिन्हीकडे माझं बरं चालतं. कोणी माझ्या कोडमध्ये चूक दाखवली तर मी आधी हसतो आणि मग ती चूक नाही हे त्याला पटवून देतो. बहुतेक वेळा ती खरंच नसते.

बहुतेक वेळा.

धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचं काम आमच्याकडे आलं होतं. ट्रस्टचं नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. गावोगाव त्यांच्या आरोग्यसेविका होत्या. गावातल्याच बायका, दवाखान्याने दिलेला फोन आणि एक पिशवी घेऊन घरोघर फिरणाऱ्या. गावात कोणी आजारी पडलं की त्या ॲपमधून दवाखान्याला दोन ओळी लिहून पाठवायच्या. तिकडे एक सिस्टर ते सगळे संदेश वाचून फोन करायच्या. संदेश वाढले, सिस्टर एकट्याच राहिल्या. तेव्हा ट्रस्टच्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. संदेश वाचून दुखणं किती दिवसांचं आहे ते प्रोग्रॅमने शोधायचं. तीन दिवसांच्या वरचं असेल तर लाल यादी, म्हणजे त्याच दिवशी फोन आणि गरज पडली तर गाडी. कमी असेल तर साधी यादी. साध्या यादीला नंबर येईल तसा फोन, शनिवार-रविवार सुट्टी.

काम छोटं वाटतं ना? मलाही वाटलं. आमच्या धंद्यात याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. म्हणजे अक्षरांची चाळणी. आधी एक आकडा येईल, मग 'दिवस' नाहीतर 'आठवडा' नाहीतर 'महिना', मग त्याला चिकटून 'पासून' किंवा 'आधी' असं तुम्ही तिला सांगून ठेवायचं. मग कितीही मजकूर ओता, तेवढेच तुकडे हाती लागतात. अडचण एवढीच की आजारी माणूस तारीख सांगत नाही. 'अकरा तारखेपासून ताप आहे' असं कोण म्हणतं? 'कालपासून' म्हणतात, 'दोन-तीन दिवस झाले' म्हणतात, 'गेल्या आठवड्यात एकदा येऊन गेला' म्हणतात. सगळा हिशोब आजपासून मागे. आणि लिहिणाऱ्या बायका आमच्याच, त्यामुळे 'चार दिन व्हयनात' हेही आलंच. मी मराठी आकडे घेतले, इंग्रजी आकडे घेतले, अक्षरी घेतले, अहिराणी घेतली. तीन आठवड्यांत अशी चाळणी बांधली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. दिलीही.

एक गोष्ट राहिली होती — राहिली होती असं म्हणणं हीसुद्धा लबाडीच. राहिली नव्हती. मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

आमच्याकडे माणसं दिवस बाजारावरून मोजतात. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर ती दुधाचे खाडे लिहिते, गॅसची टाकी कधी लावली ते लिहिते. पण तिला विचारा, गुडघा कधीपासून दुखतो? ती सांगेल, मागच्या बाजारापासून. बाजार म्हणजे आठवड्याचा बाजार, आणि तो प्रत्येक गावाचा वेगळा. कोणाचा सोमवारी, कोणाचा गुरुवारी. एखाद्या गावात बाजारच भरत नाही, तिथली माणसं शेजारच्या गावाचा बाजार धरतात. त्या गावाच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरला सांगावं लागतं.

मी 'बाजारापासून'साठी एक ओळ लिहिलीही होती. ती शब्द बरोबर पकडायची, पण दिवस मोजायला गावांची यादी हवी होती — कोणतं गाव, कोणता बाजार, कोणता वार. एकेका सेविकेला फोन करून विचारायचं. दोन-तीन दिवसांचं कंटाळवाणं काम. मी बारा गावं भरली आणि सोडून दिलं. असलं काम माझ्या लायकीचं नाही, असं मला वाटलं. हो, शब्द हेच होते.

सिस्टर मला आधीच म्हणाल्या होत्या की जिथं दिवस सापडणार नाहीत तिथं रकाना रिकामा ठेवा, मी स्वतः वाचीन. साधी, शहाणी सूचना. पण डॉक्टरांना प्रोग्रॅम दाखवायच्या आदल्या दुपारी मी जुने संदेश त्यात घातले, आणि पडद्यावर मध्ये मध्ये रिकामी घरं. दात पडलेल्या तोंडासारखं दिसत होतं. मी बाजाराची ओळ काढून टाकली. आणि जिथं काहीच सापडणार नाही तिथं 'आज' असं भरून टाकायला सांगितलं. म्हणजे दुखणं आजच सुरू झालं. पडदा भरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वा, एकही सुटला नाही! मी मान हलवून चहा घेतला. त्यांना किंवा सिस्टरांना 'आज'बद्दल एक अक्षर बोललो नाही.

इथपर्यंतचं मी कदाचित बायकोला सांगू शकलो असतो. इथपर्यंत मी आळशी आहे आणि दिखाऊ आहे. ते तिला लग्नापासून माहीत आहे.

पुढचं सांगायला मी इतका वेळ का लावतोय? — कारण पुढे माणसं आहेत.

कोकिळाताई आमच्या शेजारच्या गावच्या सेविका. तेव्हा चाळिशीच्या असतील. सातवी शिकलेल्या, अक्षर टपोरं, बोलणं त्याहून टपोरं. त्यांना ॲप शिकवायला मी गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला तीन वेळा चहा पाजला आणि चौथ्या वेळी शेवभाजी वाढली. भाऊ, तू आपलाच शे, म्हणाल्या. मीच त्यांना सांगितलं होतं की जसं बोलता तसं लिहा, अवघड काही करू नका, आमचा प्रोग्रॅम बठ्ठं, म्हणजे सगळं, समजतो. हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या लक्षात आहे.

त्यांच्या गल्लीत लोटन आबा राहायचे. सत्तरीचे, साखरेचा त्रास असलेले. कपाशीच्या वावरात आबांच्या पायात काटा मोडला. सोमवारी, त्यांच्या गावच्या बाजाराच्या दिवशी, पाय सुजायला लागला. आबा कोणाला बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी कोकिळाताईंना कळलं, त्यांनी पाय पाहिला आणि उभ्या उभ्या संदेश पाठवला. चार दिवस झाले होते, साखर होती. लाल यादीत जायला आणखी काय हवं?

प्रोग्रॅमला दिवस सापडला नाही. त्याने 'आज' भरलं. आबा साध्या यादीत गेले. मग शनिवार आला, मग रविवार. कोकिळाताईंना वाटलं, दवाखान्याला कळवलंय, फोन येईलच. त्यांनी आबांच्या सुनेला तसं सांगितलंही. सोमवारी दुपारी सिस्टरांनी फोन केला तेव्हा आबा तापात बडबडत होते. गाडी गेली. चौथ्या दिवशी आबांचा डावा पाय घोट्याच्या वर काढावा लागला. दोन-तीन दिवस आधी आले असते तर दोन बोटांवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बैठक बोलावली. मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी ऑफिसात बसून मूळ संदेश उघडला. ॲपमधून संदेश पाठवला की सेविकेच्या फोनवरून तो निघून जायचा, कारण त्या स्वस्त फोनांत जागा कमी. ते डोकंही माझंच. दिवसाचा रकाना भरलेला असला की दवाखान्याच्या पडद्यावर फक्त आमचे रकाने दिसायचे; रिकामा असला तरच तिथं मूळ संदेश उघडायचा. म्हणजे तो मूळ संदेश जगात एकाच ठिकाणी होता, माझ्यासमोर. मी तो वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, बाजाराच्या दिवसापासून. मी दोनदा वाचला, तीनदा वाचला. मग पडद्यावरची खिडकी बंद केली आणि खाली जाऊन पान खाल्लं. मी पान खात नाही.

बैठकीत डॉक्टर होते, सिस्टर होत्या, मी होतो, आणि दाराजवळच्या खुर्चीवर कोकिळाताई. पदर आवळून, पिशवी मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी मला विचारलं, प्रोग्रॅमने 'आज' का धरलं? मी म्हणालो, संदेशात वेळ दिलेली नसली की तो आजचा दिवस धरतो. हे खरं होतं. बघा, किती सफाईने खरं होतं. मग त्यांनी विचारलं, म्हणजे संदेशात वेळ दिलेली नव्हती?

मी म्हणालो, "नाही."

हा माझा गुन्हा. दोन अक्षरं. त्यासाठी मला घाम फुटला नाही, आवाज कापला नाही. मी सवयीने, आत्मविश्वासाने बोललो, कोडबद्दल बोलतो तसाच.

कोकिळाताई म्हणाल्या, लिखं व्हतं ना मी... लिखं व्हतं असं वाटस. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांकडे नाही, सिस्टरांकडे नाही — माझ्याकडे. मी त्यांचाच होतो ना? मी पडद्यावरचा रकाना त्यांच्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. तिथं 'आज' लिहिलेलं होतं. मीच लिहून घेतलेलं. त्यांनी ते वाचलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ सांगी ऱ्हायना तं तसंच व्हई. मन्हाकडथून लिखाना ऱ्हाई गया व्हई."

त्यांनी स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला. मी तो ठेवू दिला.

त्यांचं काम गेलं. फोन आणि पिशवी तिथंच टेबलावर ठेवून त्या निघाल्या. सिस्टर त्यांना सोडायला दारापर्यंत गेल्या. मी लॅपटॉप आवरत होतो. सिस्टरांनी मला कधीच काही विचारलं नाही. रिकाम्या रकान्याबद्दल त्या मला काय म्हणाल्या होत्या, ते त्यांना आठवत असेल का? मी पुढे त्यांच्या नजरेला नजर देणं टाळत आलो, त्यामुळे मला सांगता येणार नाही.

जळगावला परत आल्यावर मी गावांची यादी पूर्ण केली. दोन दिवसही लागले नाहीत. बाजाराची ओळ परत घातली, 'आज' काढलं, रकाना रिकामा ठेवला. बदल नोंदवताना आम्हाला एक वाक्य लिहावं लागतं, काय केलं म्हणून. मी लिहिलं — किरकोळ सुधारणा.

तुम्ही म्हणाल, मनाला टोचणी लागली म्हणून सुधारलं. तसं मानायला मलाही आवडलं असतं. टोचणी लागली होती, पण भीती जास्त होती. असा दुसरा संदेश येईल आणि तेव्हा कोणीतरी मूळ संदेश मागेल, अशी.

आणि याहून वाईट पुढे आहे.

प्रोग्रॅम चालला. फार छान चालला. दुसऱ्या दोन दवाखान्यांनी घेतला. जळगावातली कॉलेजं मला भाषणाला बोलवायला लागली. आणि भाषणात मी काय सांगत असेन? बाजार. होय. मी मुलांना विचारतो, 'मागच्या बाजारापासून पोटात दुखतंय' यातून दिवस कसा काढाल? मुलं डोकं खाजवतात. मग मी थाटात सांगतो की मोठमोठ्या शहरांतल्या कंपन्यांना हे सुचणार नाही, त्यासाठी खान्देशात जन्माला यावं लागतं, आईचं बोलणं कानात असावं लागतं. टाळ्या पडतात. प्रत्येक वेळी पडतात. एकदा जामनेरला तर मुलं उभी राहिली. ज्या ओळीपायी लोटन आबांचा पाय गेला तिच्यावर मी टाळ्या घेत होतो आणि त्या वेळी मला आबा आठवतही नव्हते. खोटं कशाला बोलू, मला फार भारी वाटत होतं.

मागच्या लगीनसराईत मी कोकिळाताईंच्या गावी एका हळदीला गेलो. मांडवात वरण-बट्टीची पंगत चालली होती. मी पानावर बसलो आणि वांग्याची भाजी वाढत कोण आलं? त्याच. केस पिकलेले, हातात बादली. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी बादली खाली ठेवली आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. आईचा गुडघा कसा आहे, पोरं कितवीत आहेत, सगळं विचारलं. मग स्वतःच तो विषय काढला.

म्हणाल्या, त्या रोज सकाळी आबांकडे जातात. खोट्या पायाने आबांना घासतं, जखम होते, ती धुऊन पट्टी बांधतात. आबा अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पाय पुढे करतात. सून बोलते, पण चहा विचारत नाही. गल्लीत कोणाचं दुखलं-खुपलं तर आता त्यांना कोणी बोलवत नाही. त्यांच्या जागी आलेल्या पोरीला मात्र त्यांनीच शिकवलं. "तिले मी रोज सांगस, दिन लिखत जाय माय, तारीख लिखत जाय. मन्हासारखं नको करू." आणि मग माझ्या पानाकडे बघत म्हणाल्या, "चूक मन्हीच व्हती भाऊ. तुना एवढा चांगला प्रोग्रॅम, मन्हामुळे तुले बी बोल लागना."

माझ्या हातात बट्टीचा तुकडा होता. इतक्या वर्षांत याहून सोपी संधी मला मिळाली नव्हती. पंगतीत गोंगाट होता, आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, समोर त्या एकट्या. एक वाक्य बोलायचं होतं. मी काय बोललो ठाऊक आहे?

मी म्हणालो, "जाऊ द्या ताई. माणसाकडून चूक होते. मी मनात ठेवलेलं नाही."

मी त्यांना माफ केलं.

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने डोळे पुसले, माझ्या पानात आणखी भाजी वाढली, वरून तूप घातलं. मी ते जेवलो. सगळं जेवलो, आणि हात धुऊन जळगावला आलो.

त्या दिवसापासून मला माझ्या फुशारकीची लाज वाटते, असं लिहिणार होतो. पण लाज तर बैठकीच्या दिवसापासूनच होती; मी तिला वर येऊ दिली नव्हती, एवढंच. आता ती मांडवातल्या तुपासकट वर आली आहे. मी जे केलं ते चुकून झालं नाही. मला शब्द माहीत होता, त्याचा अर्थ माहीत होता, संदेश माझ्यासमोर होता, आणि ज्या बाईने मला आपला म्हटलं तिच्यावर मी बोट ठेवलं.

हा मजकूर तुमच्याकडे येईल त्याच्या आधी त्याची एक प्रत धुळ्याला डॉक्टरांकडे गेलेली असेल. दुसरी मी स्वतः घेऊन जाणार आहे, आधी आबांच्या घरी, मग कोकिळाताईंच्या. मोठ्याने वाचणार आहे, गल्लीला ऐकू जाईल असं. त्यानंतर कोण मला काय म्हणेल, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

मूळ संदेश माझ्याकडे आहे. त्यातलं एक अक्षर मी बदललेलं नाही. तो असा —

"बाजारना दिनपाईन लोटन आबाना पाय सुजेल शे. वावरमा काटा मोडना व्हता. साखर बी शे. लवकर देखा."